मनोविकार आणि हिंसा: घरच्यांनी धोका कसा ओळखायचा, प्रसंग कसा हाताळायचा

घरात कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर (उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा आजार) किंवा भास-भ्रमांसह (नसलेलं ऐकू येणं-दिसणं, खोटी समजूत पक्की धरून बसणं) आलेलं तीव्र नैराश्य आहे असं कळलं, की घरचे बहुधा दोन टोकांना जातात. काही जण त्याच रात्रीपासून खोलीला आतून कडी घालून झोपू लागतात. काही जण ‘आमचा मुलगा तसला नाही’ म्हणत समोर दिसणाऱ्या खुणांकडेही काणाडोळा करतात. दोघांचीही नजर आजाराच्या नावावर असते, आणि नावावरून फार थोडं कळतं. या माणसाच्या बाबतीत, या आठवड्यात काय चाललंय, त्यावरून बरंच कळतं. ते कसं वाचायचं आणि वाचून काय करायचं, हे इथे दिलं आहे. आजारी व्यक्तीला ‘शुभार्थी’ आणि तिची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणायची पद्धत या क्षेत्रात रुळली आहे; तेच शब्द पुढे वापरले आहेत.

आकडे वाचायची रीत

अमेरिकेत सुमारे १०,००० लोकांच्या सर्वेक्षणावर आधारलेला एक अभ्यास १९९०मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या वर्षभरात मारहाणीसारखं काही केलं का, असा प्रश्न होता. कोणताही मनोविकार नसलेल्यांत हे प्रमाण सुमारे २ टक्के निघालं, स्किझोफ्रेनिया असलेल्यांत सुमारे १३, दारूच्या व्यसनात सुमारे २५ आणि अमली पदार्थांच्या व्यसनात सुमारे ३५ टक्के. आजार आणि व्यसन दोन्ही असलेली माणसं या रकान्यांत दोन्हीकडे मोजली गेली आहेत, हे लक्षात ठेवा. समाजातल्या एकूण हिंसेत गंभीर मनोविकारांचा वाटा अशा पाहण्यांत साधारण ३ ते ५ टक्के येतो.

१९९८च्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात मनोरुग्णालयांतून घरी सोडलेल्या हजाराहून जास्त रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा झाला. गंभीर आजार आहे पण व्यसन नाही, अशांपैकी सुमारे १८ टक्क्यांनी वर्षभरात हिंसा केली. आजाराच्या जोडीला व्यसन असलेल्यांत हा आकडा ३१ टक्के होता. एका शहरात त्याच वस्तीतल्या शेजाऱ्यांशीही तुलना केली गेली. व्यसन नसलेले रुग्ण आणि व्यसन नसलेले शेजारी यांच्यात फारसा फरक सापडला नाही.

खुनाबद्दल दोन वाक्यं एकाच वेळी खरी आहेत आणि वाद घालणारे त्यातलं सोयीचं एकच उचलतात. २००९मध्ये २० अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा स्किझोफ्रेनियासारखे आजार असलेल्यांत खून करणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ०.३ टक्के आणि सर्वसाधारण लोकसंख्येत ०.०२ टक्के आढळलं. म्हणजे पटीत पाहिलं तर धोका मोठा. आणि तरीही अशा हजार माणसांतल्या ९९७ जणांच्या हातून खून होत नाही. उलट बाजूही पाहा: २००५च्या शिकागोमधल्या अभ्यासात गंभीर मनोविकार असलेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त लोक वर्षभरात स्वतः हिंसक गुन्ह्याचे बळी ठरले होते, सर्वसाधारण लोकांच्या ११ पटीहून जास्त. स्किझोफ्रेनियात आत्महत्येने जाणाऱ्यांचं आयुष्यभराचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आहे. तेव्हा सुरी उचलून ठेवताना ती कुणाकडे वळू शकते, याचं पहिलं उत्तर बहुतेक वेळा ‘त्याच्या स्वतःकडे’ हे असतं.

पाच गोष्टी तपासा

कागद घ्या आणि पुढचे पाच प्रश्न लिहून त्यांची उत्तरं लिहा. मनातल्या मनात उत्तरं दिली तर भीती किंवा माया, दोन्हींपैकी एक उत्तर फिरवते.

पहिला: *आधी कधी हात उगारलाय का?* केव्हा, कुणावर, कुठे, हातात काय होतं, त्याआधीच्या तासाभरात काय घडलं. आजाराआधीच्या मारामाऱ्याही लिहा. पुढच्या वागण्याचा सगळ्यांत भरवशाचा अंदाज मागच्या वागण्यावरूनच येतो.

दुसरा: *दारू किंवा नशा चालू आहे का?* गांजा धरून. ‘थोडीशीच घेतो’ हे उत्तर चालणार नाही; किती आणि शेवटची कधी, ते लिहा. रोजची भरपूर दारू अचानक सोडल्यावर दोन ते चार दिवसांत थरथर, घाम, भास आणि सैरभैरपणा येऊ शकतो. ती स्वतंत्र वैद्यकीय तातडी आहे, जीव जाऊ शकतो. घरी ‘सुटू दे एकदाची’ म्हणून बसू नका.

तिसरा: *भ्रम नेमका काय आहे आणि कुणाबद्दल आहे?* हा प्रश्न घरचे टाळतात आणि सगळ्यांत जास्त माहिती यातच असते. ‘मी देवाचा दूत आहे’ आणि ‘काका माझ्या जेवणात विष घालतात’ हे दोन्ही भ्रमच, पण दुसऱ्यात एक नाव आहे आणि जीव वाचवायची निकड आहे. शुभार्थीच्या लेखी तो स्वसंरक्षण करत असतो. तीन प्रकार ऐकले की कान टवकारा. एक, ठरावीक माणूस आपल्याला मारणार आहे ही खात्री. दोन, जोडीदाराच्या चारित्र्याविषयीचा विकृत संशय: फोन तपासणं, कपडे हुंगणं, पाठलाग, कबुली मागत रात्रभर चालणारी उलटतपासणी. इथे कबुली दिली तरी प्रकरण भडकतं आणि नाकारलं तरी. तीन, ‘ही माझी आई नाही, आईसारखी दिसणारी कुणी दुसरीच आहे’ अशी समजूत. जोसेफ काप्ग्रा या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने १९२३मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव आहे. असं वाक्य घरात एकदा जरी ऐकू आलं तरी ज्या व्यक्तीबद्दल ते आहे तिने एकटीने शुभार्थीसोबत राहू नये, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावं.

आवाज ऐकू येत असतील तर सरळ विचारा: कुणाचा आवाज आहे? काय करायला सांगतो? ऐकलं नाही तर काय होईल असं म्हणतो? आजवर त्याचं किती वेळा ऐकलंस? आवाज ओळखीचा आणि ताकदवान वाटत असेल, आणि त्याची आज्ञा भ्रमाशी जुळत असेल, तर ती पाळली जाण्याची शक्यता वाढते. जीव द्यावासा वाटतो का, हेही विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही.

चौथा: *उपचार कुठवर आले आहेत?* आजाराचा पहिला झटका आणि उपचार अजून सुरूच नाहीत, हा काळ सगळ्यांत नाजूक. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र केलेल्या २०१०च्या एका आढाव्यात, उपचाराआधीच्या पहिल्या झटक्यात खुनाचं प्रमाण सुमारे ६३० रुग्णांमागे एक असं निघालं. उपचार सुरू झाल्यावर ते वर्षाला सुमारे ९,००० रुग्णांमागे एक इतकं खाली आलं. ‘लग्नसराई आटोपू दे, मग दाखवू’ असं म्हणण्याआधी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा.

पाचवा: *आत्ता आजूबाजूला काय आहे?* झोप किती होते, घरात भांडण कशावरून चाललंय, हत्यार हाताशी आहे का, ज्याच्यावर राग आहे तो माणूस त्याच घरात आहे का. मारहाणीचे बळी बहुतेक वेळा घरातले किंवा ओळखीचे असतात, आणि त्यांत सोबत राहणारी, गोळ्या देणारी, पैशाला नाही म्हणणारी आई वारंवार दिसते. अनोळखी माणसावर हल्ला हा दुर्मीळ प्रकार आहे, बातमी मात्र त्याचीच होते.

पाचपैकी किती झाले की धोका, असा गुणांक नाही. मागची हिंसा, चालू नशा आणि नाव घेऊन असलेला भ्रम, हे तिन्ही एकत्र आले तर मात्र डॉक्टरांना गाठायला थांबू नका.

डॉक्टरांकडे यासाठी साधनं आहेत. ‘एचसीआर-२०’ ही त्यातली बरीच वापरली जाणारी: १० मुद्दे पूर्वेतिहासाचे, ५ सध्याच्या स्थितीचे, ५ पुढच्या नियोजनाचे. पण ‘हा करेल की नाही ते सांगा’ असा हट्ट कुणाही डॉक्टरकडे धरू नका. गणित करून पाहा. समजा, १,००० शुभार्थींपैकी वर्षभरात १० जण गंभीर हिंसा करणार आहेत आणि आपल्याकडे त्यातले ८ पकडणारी, उरलेल्यांपैकी २० टक्क्यांवर चुकून बोट ठेवणारी चाचणी आहे. ती एकूण २०६ जणांना धोकादायक ठरवेल. त्यातले खरे ८. म्हणून समजूतदार डॉक्टर भविष्य सांगत बसत नाही, तर धोका वाढवणाऱ्या ज्या गोष्टी बदलता येतात त्यांच्या मागे लागतो.

आजारांगणिक रंग वेगळा

उन्मादात, म्हणजे बायपोलरच्या चढत्या टप्प्यात, हिंसा बहुधा अडवल्यावर भडकते: किल्ली काढून घेतली, पैसे दिले नाहीत, बाहेर जायला रोखलं. भडका पटकन उडतो आणि पटकन विझतोही. भास-भ्रमांच्या आजारात आरडाओरडा न होता शांतपणे मनात काही शिजत असू शकतं. खोलीत कोंडून घेणं आणि एकाच माणसाकडे रोखून बघणं ही तिथली खूण. तीव्र नैराश्यात ‘माझ्यामागे मुलांचं कसं होणार’ हे वाक्य स्वतःसोबत मुलांचा जीव घेण्याच्या विचाराचं असू शकतं. ते काळजीचं समजून सोडू नका.

बाळंतपणानंतरचा भास-भ्रमांचा मनोविकार हजार बाळंतपणांत एक-दोन जणींना होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत. झोप उडते, बोलणं असंबद्ध होतं, बाळाबद्दल विचित्र समजुती येतात. बाळाला क्षणभरही आईजवळ एकटं ठेवू नका, आईलाही एकटी सोडू नका, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उपचारांनी हा आजार चांगला बरा होतो.

आधी शरीर तपासून घ्या

काल बरा असलेला माणूस आज अचानक अंगावर धावतोय, दिवस-वार विसरलाय, घटकेत शुद्धीवर तर घटकेत भलतंच बोलतोय, डोळ्यांना नसलेली माणसं-प्राणी दिसताहेत, ताप आहे: हा मनोविकार समजण्याआधी शारीरिक कारण शोधायला हवं. साखर घसरणं, मेंदूज्वर, डोक्याला मार, फिट येऊन गेल्यानंतरचा गोंधळ, वयस्कर माणसांत लघवीचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, एखाद्या नव्या औषधाचा परिणाम. मधुमेही असेल तर साखर मोजणं हे पहिलं काम. मनोरुग्ण म्हणून शिक्का बसलेल्या माणसाचं शारीरिक दुखणं हमखास दुर्लक्षिलं जातं. दुखरी दाढ किंवा तुंबलेलं पोटही चिडचिडीला पुरतं, पण ते शब्दांत सांगता येईलच असं नाही.

खुणांची वही

आजार उलटतो तेव्हा प्रत्येक शुभार्थीचा क्रम साधारण ठरलेला असतो. मागचा झटका आठवून त्याआधीचे चार आठवडे उलटे लिहून काढा: झोप केव्हा मोडली, आंघोळ केव्हा बंद झाली, फोन कुणाला आणि कितीदा, कोणतं वाक्य पुन्हा पुन्हा येऊ लागलं, खिडक्या केव्हापासून बंद. शुभार्थी बरा असताना त्याच्यासोबत बसून ही यादी पक्की करा. बऱ्याचदा त्याला तुमच्याआधी कळलेलं असतं आणि तुम्हाला माहीत नसलेली एखादी खूण तो सांगतो.

मग रोज एक ओळ: झोपेचे तास, गोळ्या घेतल्या की नाही, नशा, आणि काही वेगळं बोलला असेल तर त्याच शब्दांत. ‘चिडचिड करतो’ हे डॉक्टरांना फारसं काही सांगत नाही. ‘सलग तीन रात्री दोन-तीन तास झोप; मंगळवारी म्हणाला, शेजाऱ्याला धडा शिकवायची वेळ आली’ या एका ओळीवर औषध बदलता येतं. यादीतल्या दोन खुणा दोन दिवस टिकल्या तर फोन करायचा, असा नेम ठरवून ठेवा. नेम नसेल तर रोज ‘अजून एक दिवस बघू’ होतं. वही लपवून ठेवू नका. ‘माझ्यावर पाळत आहे’ असं वाटणाऱ्या माणसाच्या हाती लपवलेली वही लागली, तर त्याचा संशय खरा ठरतो.

गोळ्यांच्या भानगडी

स्वीडनमधल्या ८०,०००हून जास्त रुग्णांवरचा २०१४चा अभ्यास नेमका आहे: तीच माणसं भास-भ्रमांवरचं औषध घेत असतानाच्या काळात आणि घेत नसतानाच्या काळात तपासली, तेव्हा औषधाच्या काळात हिंसक गुन्हे ४५ टक्क्यांनी कमी होते. मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधांत ही घट २४ टक्के होती, आणि तीही मुख्यतः बायपोलर असलेल्यांत.

औषध सुटतं तेव्हा फसगत अशी होते की दुसऱ्या दिवशी काहीच बिघडत नाही. उलट सुस्ती उतरते, चेहरा खुलतो, आणि घर म्हणतं, ‘बघा, गोळ्यांशिवाय किती छान आहे.’ आजार काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी परत येतो, तेव्हा सुटलेल्या गोळीशी त्याचा संबंध कुणी लावत नाही. म्हणून सोडल्याची तारीख वहीत हवी.

सोडण्याचं कारण विचारा. वजन, लाळ, झोप, लैंगिक त्रास ही कारणं खरी असतात आणि त्यांवर उपाय असतात. एका दुष्परिणामाबद्दल विशेष सावध राहा: औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत माणूस एका जागी बसू शकत नाही, पाय सारखे हलवतो, येरझाऱ्या घालतो, आतून तडफड होतेय म्हणतो. याला अकाथिजिया म्हणतात. घरचे आणि कधी कधी डॉक्टरही त्याला आजाराची चिडचिड समजतात. मग डोस वाढतो आणि तडफडही वाढते. डॉक्टरांना ‘चिडलाय’ असं न सांगता ‘पाय थांबत नाहीत’ असं सांगा.

गोळी लपवून चहात घालायचा मोह आवरा. ‘मला विष देतात’ म्हणणाऱ्याला कपाच्या तळाशी गाळ सापडला की भ्रमाला पुरावा मिळाला, आणि तुमचं नाव यादीत गेलं. रोजच्या गोळीवरून रोज युद्ध होत असेल तर दोन किंवा चार आठवड्यांनी, काही औषधांत तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा. दोन औषधं पुरेशा डोसात, पुरेसा काळ देऊनही स्किझोफ्रेनियातली आक्रमकता हटत नसेल तर क्लोझापिन या औषधाचा विषय डॉक्टरांकडे स्वतःहून काढा. आक्रमकतेवर त्याचा उपयोग इतर औषधांहून जास्त दिसतो. त्यात पांढऱ्या पेशींची तपासणी लागते, सुरुवातीला बहुतेक ठिकाणी दर आठवड्याला. हे औषध घेण्यात ४८ तासांहून जास्त खंड पडला तर जुना डोस एकदम सुरू करायचा नाही. डॉक्टर पुन्हा थोड्यापासून चढवत नेतात.

प्रसंग उभा राहिला तर

आवाज चढलाय, येरझाऱ्या चालू आहेत, मुठी आवळल्या जाताहेत. अजून हात उगारलेला नाही. हाती असलेली पाच-दहा मिनिटं अशी वापरा.

मुलं आणि ज्याच्यावर राग आहे तो माणूस आधी बाहेर. टीव्ही बंद. स्वयंपाकघरात असाल तर काहीतरी निमित्त काढून बाहेरच्या खोलीत या. बोलणारा एकच ठेवा, आणि तो घरातला सगळ्यांत मोठा किंवा सगळ्यांत धट्टाकट्टा असायची गरज नाही. ज्याच्याशी शुभार्थीचं पटतं, तो. बाकीच्यांनी कुजबुजू नये, हसू नये, मोबाइलवर चित्रण करू नये.

दोन हातांहून जास्त अंतर ठेवा. तोंडासमोर छाती काढून उभं न राहता थोडं तिरकं उभं राहा, तळवे दिसू द्या. दार तुमच्या पाठीशी असावं, पण तुम्ही ते अडवून उभे नाही असंही दिसावं. कोंडल्याची भावना हे हल्ल्याचं मोठं कारण आहे. हात लावू नका, प्रेमाने पाठीवरूनही नाही.

वाक्यं लहान. एक बोला, मग थांबा. भेदरलेल्या डोक्यात शब्द उशिरा पोचतात. दहा सेकंदांची शांतता तुम्हाला फार मोठी वाटेल, त्याला ती लागते. तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा म्हटलं तरी चालतं.

भ्रमाशी वाद घालू नका आणि त्याला होकारही देऊ नका. मधली वाट अशी: “मला तो आवाज ऐकू येत नाही. पण तुला येतोय आणि तू घाबरलायस, हे मला दिसतंय.” मग निवड द्या, दोनच: “इथे बसूया की गच्चीच्या दारापाशी उभं राहूया?” गच्चीवर नेऊ मात्र नका. पाणी, मोकळी हवा, दिवा मंद करणं, असं लगेच देता येण्यासारखं काही द्या; एक लहान गोष्ट खरोखर मिळाली की पुढचं बोलणं ऐकलं जातं. सीमा स्पष्ट सांगा, धमकी न देता: “वस्तू फेकल्यास तर मी खोलीबाहेर जाईन. शांत झालास की परत येईन.” आणि सांगितलं तसंच वागा.

काय बोलल्याने बिघडतं, तेही पाठ असू द्या. “वेड्यासारखं करू नकोस.” “आज गोळी घेतलीस का?” (भांडणाच्या ऐन भरात हा प्रश्न म्हणजे ‘तुझं म्हणणं खोटं, तू आजारी’ असं ऐकू जातं.) “आम्ही तुझ्यासाठी किती केलं.” “ॲडमिटच करते तुला.” शेवटचं वाक्य धमकी म्हणून एकदा वापरलं की पुढे रुग्णालय ही शिक्षाच होऊन बसते.

बोलणं सोडून निघून जायची वेळ: हातात हत्यार आलं, दार अडवलं, मारायचं म्हणून कुणाचं नाव घेतलं, किंवा आरडाओरडा एकाएकी थांबून नजर एका जागी रोखली गेली. हत्यार हिसकावू नका, ‘माझ्याकडे दे’ असंही म्हणू नका, कारण देण्यासाठी त्याला ते घेऊनच जवळ यावं लागतं. “खाली ठेव” म्हणा आणि मागे सरत बाहेर पडा. कुठे जायचं, बाहेरून फोन कुणी करायचा, हे आधी ठरलेलं असावं.

मदत बोलावताना

पहिल्या वाक्यात आजार सांगा, दुसऱ्यात हत्यार. “माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, तो घाबरलेला आहे. त्याच्या हातात काही नाही, पण घरात कोयता आहे.” मग घरात कोण अडकलंय, काय धमकी दिली ती त्याच्याच शब्दांत, कशाने तो शांत होतो, कशाने भडकतो. गाडीचा भोंगा न वाजवता यायची विनंती करा. येणाऱ्यांच्या हाती द्यायला एक पान तयार असावं: निदान, औषधांची नावं आणि डोस, शेवटचा डोस कधी, ॲलर्जी, नशा, इतर आजार, डॉक्टरांचं नाव. हे पान शांत दिवशीच लिहून दाराजवळ ठेवायचं. प्रसंगी कुणालाही औषधाचं नाव आठवत नाही. इच्छेविरुद्ध भरती करण्याचे नियम देशागणिक वेगळे असतात. तुमच्याकडे अर्ज कुणी करायचा आणि तपासणी कुणी करायची, ते आजच विचारून ठेवा.

धरावंच लागलं तर

जीव वाचवायला दुसरा उपाय नसेल तेव्हाच, आणि मदत येईपर्यंतच. पालथं पाडून पाठीवर बसू नका. छातीवर, मानेवर, पोटावर गुडघा किंवा वजन टाकू नका. तोंडावर उशी-कापड नको. झटापटीत शरीराला प्राणवायू जास्त लागतो आणि दाबलेली छाती फुगू शकत नाही. माणूस काही मिनिटांत गुदमरून दगावू शकतो. स्थूल असेल किंवा नशा केलेली असेल तर धोका आणखी. चार जण हातपाय धरणार असतील तर पाचव्याने फक्त चेहरा आणि श्वास बघायचा. “श्वास घेता येत नाही” म्हणाला तर ते नाटक समजू नका, लगेच भार काढा. एकदम शांत पडला तर तो थकला असं धरून चालू नका. आधी श्वास आणि नाडी तपासा. साखळीने किंवा दोरीने बांधून ठेवणं कधीच नको. त्वचा, नसा, सांधे खराब होतात आणि कोंडमारा पुढच्या हल्ल्याची तयारी करतो.

घर आवरणं

बंदूक असेल तर घराबाहेर, कायमची. कोयता-कुऱ्हाड कुलपात. धारदार सुऱ्या नजरेआड. गोळ्यांचा साठा एका आठवड्याहून जास्त शुभार्थीच्या हाती नको. न्हाणीघराची आणि खोल्यांची कडी बाहेरूनही उघडता यावी. वाहनाच्या किल्ल्या उन्मादाच्या खुणा दिसताच बाजूला. नंतर काढून घ्यायला जाल तर तेच भांडणाचं कारण होतं.

नंतरचे दिवस

रुग्णालयातून घरी आल्यावरचे पहिले काही महिने नाजूक असतात. सोडण्याआधीच पहिली तपासणीची तारीख घ्या, सात दिवसांच्या आतली. ज्या माणसाविषयी भ्रम होता त्याच घरात शुभार्थी परत येणार असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: तो भ्रम गेलाय, की त्याने फक्त बोलायचं थांबवलंय?

दोन-तीन दिवस शांत गेले की प्रसंगाबद्दल बोला. काय झालं, तेव्हा त्याला काय वाटत होतं, तुमच्या कोणत्या वागण्याने भीती वाढली. पुढच्या वेळी काय करायचं ते त्याच्याकडूनच लिहून घ्या: कुणाला बोलवायचं, कोणतं औषध चाललं, कोणतं नको. बऱ्या काळात स्वतःच्या हाताने लिहिलेलं हे पान वाईट काळात तुमच्या शंभरदा समजावण्याहून जास्त ऐकलं जातं.

मारहाणीची वाच्यता न करणं हे घराघरांत दिसतं; बदनामी नको, त्याचं लग्न व्हायचंय, तो आजारी आहे. पण डॉक्टरांना न सांगितलेल्या मारहाणीवर औषध बदलत नाही. दुखापतीची नोंद करा, तारीख टाका, डॉक्टरांना सांगा. आजार हे कारण असू शकतं, मार खात राहणं हा उपचार नाही. कधी कधी सगळ्यांत उपयोगी बदल म्हणजे वेगळं राहणं: शुभार्थी दुसऱ्या नातेवाइकाकडे किंवा निवासी केंद्रात, आणि आईची भेट ठरलेल्या वेळी, तिसऱ्या माणसासमोर. एकाच छताखाली अशक्य झालेली नाती अंतरावरून टिकतात. अशी व्यवस्था करायची असेल तर ती शुभार्थी बरा असताना ठरवा आणि त्याच दिवशी वहीत लिहा: किल्ली कुणाकडे, गोळ्या कोण देणार, इंजेक्शनची तारीख कोण लक्षात ठेवणार.